मीटरवरचं शून्य कुठल्या हवेतलं?

'गॅस गिझरला घाबरू नका. ज्योत निळी असेल तर कार्बन मोनॉक्साइड होत नाही. झालाच तर जड असल्याने खाली बसतो, बादलीभर पाणी तो शोषून घेतं. खात्री हवी तर मीटर लावून घ्या, शून्य आलं की झालं.' हा फॉरवर्ड वाचून मावशीने बाथरूममध्ये बादली भरून ठेवली आणि थंडी लागते म्हणून खिडकीच्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावला. म्हणून हा खटाटोप.

बादलीचं आधी उरकू. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जडही नाही, हवेपेक्षा किंचित हलकाच आहे, आणि गिझरमधून तापून वरच जातो. जड असतो तो एलपीजी. त्याच्या गळतीसाठी खाली झरोका हवा, एवढं मान्य.

पिवळी ज्योत वाईट, हेही खरं. पण निळी म्हणजे निर्धोक नव्हे. मिनिटाला 6 लिटरचा गिझर तासाला सुमारे किलोभर गॅस जाळतो, त्याला 12-13 घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये असते जेमतेम साडेपाच. पुठ्ठा लावलात तर दुसऱ्या आंघोळीपर्यंत गिझर आपलाच धूर ओढू लागतो.

आता ते शून्य. हातातला अ‍ॅनालायझर, म्हणजे धुरातले वायू मोजणारा मीटर, सुरू होताना भोवतालची हवा शुद्ध धरूनच शून्य ठरवतो. पेटत्या गिझरशेजारी सुरू केलात तर तिथला विषारी वायूच शून्यात जमा! म्हणून तो गच्चीत सुरू करायचा. त्याचा पाण्याचा ट्रॅप (धुरातलं पाणी साठतं ती कुपी) रिकामा, फिल्टर कोरडा. नळ पूर्ण उघडून गिझर दहा मिनिटं चालवायचा, मग प्रोबचं, म्हणजे मीटरच्या धूर ओढणाऱ्या नळीचं, टोक धूर निघतो तिथे मधोमध धरायचं. कडेला सरकलं की साधी हवा मिसळते आणि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणून नुसता पीपीएम (दहा लाखांत किती भाग) बघायचा नाही, कार्बन डायऑक्साइडशी गुणोत्तर बघायचं: 200 पीपीएमला (म्हणजे 0.02 टक्क्याला) 5 टक्के काय, हवा मिसळून 100 ला अडीच टक्के काय, गुणोत्तर 0.004च.

खोलीतली हवा वेगळी मोजायची. जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची मर्यादा तासाभरासाठी घनमीटरला 35 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 30 पीपीएम. मोजणाऱ्याच्या छातीवर कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म हवा; आकडा 30 पीपीएमच्या वर गेला की गॅस बंद, दार उघडं, माणूस बाहेर. स्वयंपाकघरातला एलपीजी डिटेक्टर इथे कामाचा नाही.

मेकॅनिकला दोनच प्रश्न विचारा: मीटर सुरू कुठे केला, आणि शेवटचं कॅलिब्रेशन (मीटर बरोबर मोजतो का याची तपासणी) कधीचं? पुठ्ठा मात्र आजच काढा.