मेडिकलची मुलाखत म्हणजे वशिलाच?

नीटचा निकाल लागला की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो: "मेडिकलला मुलाखत आणाल तर वशिल्याला दार उघडाल. गोड बोलणारी पोरं पुढे जातील, क्लासवाले मुलाखतीचंही पॅकेज काढतील. गुण खोटं बोलत नाहीत." यातली भीती खरी आहे, पण ती एका विशिष्ट प्रकारच्या मुलाखतीची आहे.

वशिला. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखीला १०० गुण होते, तोंडीला ५०. तोंडी दोन-तीन मिनिटांत उरकायची. आईवडील कोण, राहता कुठे एवढंच विचारलं, अशी अर्जदारांची तक्रार होती. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हे वजन मनमानी ठरवलं. तोंडीला १५ टक्क्यांहून जास्त गुण नकोत आणि मुलाखत ध्वनिमुद्रित व्हावी, असंही सांगितलं. मुलाखतच बंद करा असं मात्र म्हटलं नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये मांडलेली एमएमआय (मल्टिपल मिनी-इंटरव्ह्यू, म्हणजे एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखती) पद्धत नेमकी हीच दुखणी धरते. साधारण १० खोल्या असतात. दाराबाहेर प्रसंग वाचायला २ मिनिटं, आत ८ मिनिटं. घंटा झाली की पुढची खोली. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, आणि सगळ्यांना तेच प्रसंग. एक परीक्षक फोडला तरी त्याच्या हाती दहावा हिस्साच राहतो. एकाच खोलीत दोन परीक्षक बसवण्याने फारसं साधत नाही. तीच माणसं वापरून खोल्या वाढवाव्यात. कारण एका प्रसंगात चमकलेला उमेदवार दुसऱ्यात अडखळतो, आणि एकाच गप्पांवरून मत बनवलं की हे दिसतच नाही.

गोड बोलणारे. मॅकमास्टरच्या सुरुवातीच्या प्रसंगांपैकी एक पाहा. दारावर एवढंच: कंपनीच्या महत्त्वाच्या बैठकीसाठी तुम्हाला आणि सहकारी साराला विमानाने जायचं आहे, तिला विमानतळावर न्यायला तुम्ही आला आहात. आत साराच्या भूमिकेत अभिनेत्री असते आणि तिला विमानाची जबर भीती बसलेली असते. ते उमेदवाराला आधी सांगितलेलं नसतं. घडाघडा बोलणारा तिला आकडेवारी ऐकवतो. थांबून "काय झालं?" विचारणाऱ्याला कारण कळतं. परीक्षक बाजूला बसून फक्त पाहतो. आपल्याकडे हे प्रसंग मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत छापावेत आणि नटाने उमेदवाराच्या भाषेत बोलावं. नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाच फायदा होतो हा आक्षेप रास्तच ठरेल.

क्लास. मॅकमास्टरच्याच गटाने २००६ मध्ये काही उमेदवारांना प्रसंग आधी कळल्याने काय होतं ते तपासलं. गुण लक्षणीय वाढले नाहीत. तरीही प्रसंग दरवर्षी बदलावेत.

गुण खोटं बोलत नाहीत. बरोबर, पण ते एवढंच सांगतात की १८० प्रश्नांपैकी किती आले. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. या ६७ जणांत घाबरलेल्या रुग्णाचं कोण ऐकून घेईल ते गुणांवरून कळत नाही. उलट बाजूचा पुरावाही लपवायला नको. १९७९ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या ह्यूस्टनमधल्या मेडिकल कॉलेजला जागा वाढवाव्या लागल्या आणि आधी मुख्यतः मुलाखतीत डावललेले ५० जण घेतले गेले. पुढे त्यांची कामगिरी इतरांच्या बरोबरीची निघाली. ती जुन्या धाटणीची मुलाखत होती. एमएमआयबाबत २०१२ चा कॅनडातला अभ्यास वेगळं दाखवतो: तिथे निवडलेले विद्यार्थी पुढे राष्ट्रीय परवाना परीक्षेत, नाकारले जाऊन दुसऱ्या कॉलेजात गेलेल्यांपेक्षा सरस ठरले.

लाखो मुलांची मुलाखत कशी घेणार? घेऊ नये. नीटनेच गाळणी करावी. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, नीटमधून निवडक उमेदवारच मुलाखतीपर्यंत पोचतात. १५० जागांना ४५० उमेदवार धरा. १० जणांची फेरी १०० मिनिटांची, दिवसाला ४ फेऱ्या. दहा-दहा खोल्यांच्या तीन मांडण्या एकाच वेळी चालवल्या तर ३० परीक्षक आणि चार दिवस पुरतात.

घोळ होतो तो बारीक गोष्टींत. परीक्षकाच्या कागदावर नीटचे गुण छापले की त्याचा हात त्याच दिशेने जातो. चहाच्या सुट्टीत परीक्षक एकमेकांत उमेदवारांबद्दल बोलले की दहा स्वतंत्र मतं उरत नाहीत. सगळे दहापैकी ७ किंवा ८ देत बसले की खोलीचा उपयोगच संपतो; म्हणून पट्टीवर २, ५ आणि ९ गुणांचं वागणं कसं असतं ते लिहून द्यावं, परीक्षकांकडून नमुना उमेदवारांवर सराव करून घ्यावा, आणि उमेदवार बाहेर पडताच, पुढचा आत येण्याआधी, गुण लिहून घ्यावेत.