बिटाच्या रसाने हे रक्त वाढत नाही

'ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया हे नुसतं मोठं नाव. प्रतिकारशक्ती कमी झाली की रक्त आटतं. बीट, खजूर, गूळ खा, गुळवेलीचा काढा घ्या. स्टेरॉइड आणि दुसऱ्याचं रक्त, दोन्ही टाळा.' हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आला. मी रक्तपेढीत काम करते, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं म्हणजे या आजारात रक्त आटत नाही, फुटतं. अस्थिमज्जा उलट दुप्पट जोमाने कामाला लागलेली असते. रिपोर्टमध्ये रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, वाढलेल्या दिसतात. पण 120 दिवस टिकणारी पेशी काही दिवसांतच संपते. नेहमीच्या प्रकारात आयजीजी जातीच्या अँटिबॉडी पेशीवरच्या प्रथिनांना, बहुतेकदा आरएच गटातल्या, चिकटतात. ती पेशी पाणथरीतून (प्लीहेतून) जाताना तिथल्या भक्षक पेशी अँटिबॉडीचं शेपूट ओळखून तिच्या आवरणाचा लचका तोडतात. उरलेली पेशी गोटीसारखी गोल होते आणि पुढच्या फेरीत पाणथरीतच अडकते. फुटलेल्या पेशींतलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. म्हणून इथे सहसा लोहाची टंचाई नसतेच, आणि डोळ्यांचा पिवळेपणाही लिव्हरचा नसून या फुटण्याचा असतो. बीट लाल, रक्त लाल, एवढ्यावर औषध ठरत नाही.

प्रतिकारशक्ती 'कमी' झाली म्हणणं तर अगदी उलटं. ती भलत्याच दिशेला चालली आहे. तिला चिथवण्याच्या नावाखाली काढे कशाला? 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली; तरी जिथे शरीर स्वतःवरच उलटलंय, तिथे मी हा धोका पत्करणार नाही.

स्टेरॉइडबद्दल फॉरवर्ड नकळत अर्धा खरा ठरतो. वरच्या प्रकारात प्रेडनिसोलोन हेच पहिलं औषध. साखर वाढते, चेहरा सुजतो, हे खरं; पण गोळी मनाने एकदम बंद करणं त्याहून घातक. मात्र दुसरा एक प्रकार थंडीचा आहे आणि त्यात स्टेरॉइड फारसं चालत नाही. त्यातल्या आयजीएम अँटिबॉडी बोटं, कान, नाकाचा शेंडा अशा गार जागी पेशींना बिलगतात. रक्त पुन्हा गरम भागात आलं की त्या सुटतात, पण मागे कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्याच संरक्षक प्रथिनांची, खूण ठेवून जातात, आणि यकृतातल्या भक्षक पेशी ती खूण पाहून पेशी गिळतात.

असं सँपल एकदा पाहिलं की विसरत नाही. जांभळ्या झाकणाची नळी तिरकी केली की काचेवर वाळूसारखे दाणे दिसतात. मशीन गुठळीला एकच पेशी समजतं आणि एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणाचा आकडा, अशक्य दाखवतं. नळी 37 अंशांच्या पाण्यात ठेवा, दाणे विरघळतात. प्रकार कुठला, हे 1945 पासून वापरात असलेली कूम्ब्स टेस्ट सांगते: पेशी धुऊन त्यावर अभिकर्मकाचा थेंब टाकायचा, नळी फिरवायची, गोळे होतात का पाहायचं. पेशीवर आयजीजी आहे की कॉम्प्लिमेंट, त्यावर उपचार ठरतात.

आणि दुसऱ्याचं रक्त? यात क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्त दात्याच्या रक्ताशी जुळवून पाहण्याची तपासणी, अनेकदा कुठल्याच पिशवीशी जुळत नाही, कारण ती अँटिबॉडी जवळजवळ सगळ्यांच्याच पेशींना धरते. दिलेलं रक्तही लवकर फुटतं. तरी हिमोग्लोबिन 4 वर येऊन छातीत दुखायला लागलं, तर जुळत नाही म्हणून रक्त अडवायचं नसतं. औषध लागू पडेपर्यंतचा वेळ त्यानेच मिळतो. आम्ही मात्र आधी तास न् तास तपासत बसतो, कारण या गोंगाटामागे पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे किंवा गरोदरपणात तयार झालेली वेगळी अँटिबॉडी दडलेली असू शकते.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मामांचा प्रश्न आला, 'म्हणजे बीट खायचंच नाही का?' खा की, कोशिंबीर छान होते. फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेली फोलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नका. इतक्या वेगाने पेशी बनवताना फोलेट खरोखरच संपतं.