कुमाऊंची पलटण कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

भारतीय सैन्यातल्या तिसऱ्या गोरखा रायफल्सला मी माझ्या लेखात ‘कुमाऊंची जुनी पलटण’ म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. (कुमाऊं म्हणजे उत्तराखंडातला अल्मोडा-राणीखेतकडचा पहाडी मुलूख.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुमाऊंची पलटण म्हणजे राणीखेतची कुमाऊं रेजिमेंट, गोरखे म्हणजे परके भाडोत्री, त्यांचा त्या मुलखाशी संबंध फक्त जुलमाचा, आणि १८५७ साली इंग्रजांकडून लढलेल्यांचं कौतुक मराठीत करायचंच कशाला?

जुलमाबद्दल आपलं एकमत आहे. नेपाळच्या गोरख्यांनी १७९० साली कुमाऊंची राजधानी अल्मोडा घेतली. त्यांना वाट करून दिली ती कुमाऊंच्या चंद राजांच्या दरबारातल्या हर्षदेव जोशींनी, आणि पुढे इंग्रजांच्या बाजूला जाऊन उभे राहिले तेही हेच जोशी. त्या राजवटीला पहाडात ‘गोर्ख्योल’ म्हणतात, ते काही प्रेमाने नव्हे. ट्रेल नावाच्या इंग्रज कमिशनरने तिथल्या कारभारावर लिहून ठेवलंय, त्यात गढवालातलं एक फर्मान आहे: बायकांनी घराच्या छपरावर चढायचं नाही. आता पहाडात पीक, लाकूडफाटा सगळं छपरावरच ठेवायचं. म्हणजे घरातली रोजची कामंच अडली!

पण पलटणीची गोष्ट इथून पुढे सुरू होते. इंग्रज-नेपाळ युद्धात एप्रिल १८१५मध्ये गोरख्यांचे सेनानी हस्तिदल शाह लढाईत पडले, २७ तारखेला त्यांचे कुमाऊंचे सुभेदार बम शाह यांनी अल्मोडा सोडायचं कबूल केलं. इंग्रजांच्या बाजूने या मोहिमेत विल्यम गार्डनर होता. हा गडी काही वर्षं आधी यशवंतराव होळकरांच्या चाकरीत होता आणि तिथून जीव वाचवून पळाला होता. (त्याच्यावर वेगळा लेख होईल, इथे आवरतो.) त्याच महिन्यात सर रॉबर्ट कोहून यांच्या हाताखाली अल्मोड्यात ‘कुमाऊं बटालियन’ उभी राहिली. भरती झाले ते हरलेल्या फौजेतले शिपाई. आणि ही फौज काही निव्वळ नेपाळातून आलेली नव्हती. पंचवीस वर्षांत तिच्यात कुमाऊंनी आणि गढवाली पोरंही शिरली होती. ज्यांनी राज्य केलं ते आणि ज्यांच्यावर केलं ते, दोघेही एकाच हजेरीपटावर आले. तुम्ही ‘परके भाडोत्री’ म्हणता, त्यातले परके नेमके कोणते, हे मला तरी वेगळं काढता येत नाही.

१८६१ साली तिला तिसऱ्या गोरखा रेजिमेंटचा क्रमांक मिळाला, आणि १८६४पासून सरकारी नावातच कंसात ‘कुमाऊं’ होतं. म्हणजे ते विशेषण मी माझ्या पदरचं घातलेलं नाही. १८८७ साली हिचीच दुसरी बटालियन अल्मोड्यात गढवाली शिपायांची म्हणून उभी केली आणि कालूडांड्याला, म्हणजे आजच्या लॅन्सडाउनला, पाठवली. तीच पुढे गढवाल रायफल्स झाली. गढवालींची स्वतंत्र पलटण गोरखा पलटणीच्या पोटातून निघाली, हे तुमच्या ‘संबंध फक्त जुलमाचा’ या वाक्यात कुठे बसवायचं?

आता राणीखेत. कुमाऊं रेजिमेंटला हे नाव ऑक्टोबर १९४५मध्ये मिळालं. त्याआधी ती एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट होती, आणि तिच्या जुन्या बटालियनांची मुळं निजामाच्या फौजेत आहेत. एक तर थेट वऱ्हाडच्या नावाने ओळखली जायची. चौथ्या कुमाऊंचा जन्म १७८८चा, एलिचपूरच्या सलाबतखानाच्या फौजेतला. एलिचपूर म्हणजे आपलं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. कुमाऊंनी लोकांची भरती या रेजिमेंटमध्ये नंतर वाढली आणि नाव सर्वात शेवटी आलं. तेव्हा वंशावळच बघायची तर ‘कुमाऊं’ नावाची पलटण मूळची आपल्या वऱ्हाडाकडची, आणि ‘गोरखा’ नावाची अल्मोड्याची. मला ही अदलाबदल भलतीच आवडते, म्हणून तर मूळ लेख लिहिला.

राहिलं १८५७. कुमाऊं बटालियन दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजांकडून लढली, हे मूळ लेखात स्पष्ट लिहिलंय. पण तोच निकष लावायचा तर सगळ्यांना लावा. १८५८ साली झाशीवर चालून गेलेल्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत हैदराबाद कंटिंजंट ही निजामाच्या नावाची फौज होती, म्हणजे तुमच्या राणीखेतच्या रेजिमेंटचे पूर्वज. मुंबईच्या देशी पलटणीही होत्याच. आणि तरीही १९४७ साली काश्मिरातल्या बडगामला मेजर सोमनाथ शर्मांनी जिचं नेतृत्व करत पहिलं परमवीरचक्र मिळवलं, ती कंपनी याच एलिचपुरी चौथ्या कुमाऊंची. तिला आपण १८५८चा जाब विचारत नाही. मग तिसऱ्या गोरखालाच का विचारायचा, हे पुढच्या प्रतिक्रियेत जरूर लिहा.