मागच्या मैदानांवर चालते ते कामच आहे

मार्च महिन्यात फ्लोरिडाला बेसबॉल पाहायला जाणारे आपल्यातले बहुतेक जण ब्रॅडेंटनच्या लेकॉम पार्कपर्यंत जातात आणि तिथूनच परत फिरतात. त्यात नवल काही नाही, कारण १९२३ साली बांधलेले आणि १९६९ पासून पिट्सबर्ग पायरेट्स या संघाच्या हंगामापूर्वीच्या वसंत शिबिराचे मुख्य मैदान असलेले ते छोटे स्टेडियम खरोखरच देखणे आहे. परंतु यंदा मी मुद्दाम त्याच गावातल्या ‘पायरेट सिटी’त गेलो, जिथे मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीग या अव्वल स्पर्धेच्या खालच्या पातळ्यांवरच्या, खेळाडूंचे शिबिर भरते. तिथे जे पाहिले त्यामुळे माझे एक मत पक्के झाले असून ते जरा विस्ताराने मांडावेसे वाटते.

पायरेट सिटीत बेसबॉलची पूर्ण आकाराची चार मैदाने, सरावाच्या जाळ्या आणि खेळाडूंच्या राहण्याची इमारत आहे. मी गेलो त्या सकाळी ना तिकीट होते, ना धावफलक, ना समालोचन. प्रेक्षक मोजकेच, त्यातही निम्मे खेळाडूंचे आईवडील, आणि पडद्यामागे चेंडूचा वेग मोजणारी रडार गन धरून बसलेले, खेळाडू हेरणारे स्काउट. खेळाडूंच्या पाठीवर नावे नव्हती; नुसते आकडे, तेही काही ठिकाणी दोघांना एकच. एका मैदानावर पिचरांचा (चेंडू फेकणाऱ्यांचा) एक गट चेंडू हातात नसतानाच फेकण्याची संपूर्ण क्रिया करत होता. लगेच कोच पहिल्या बेसच्या दिशेने चेंडू टोलवायचा आणि पिचरने धावत जाऊन बेसवर पाय ठेवून तो झेलायचा. मग रांगेच्या शेवटी जायचे आणि पुन्हा तेच. उन्हात हे इतका वेळ चालले की शेवटी पाहणाराच थकतो. मात्र चौथ्यांदा किंवा दहाव्यांदा आल्यावरही पाऊल अर्धा फूट चुकले तर कोच थांबवत होता. दुपारच्या सामन्यातही हीच शिस्त दिसली. पिचरचे ठरलेले चेंडू टाकून झाले की तीन बाद झालेले नसले तरी डाव तिथेच थांबवतात, कारण सामना जिंकणे हा त्या सामन्याचा हेतूच नसतो.

आता मुद्द्याचे. अनेक दशके या शिबिरातल्या खेळाडूंना पगारच मिळत नव्हता. राहण्याची सोय आणि जेवणखाणाचा भत्ता, एवढेच. पगार सुरू व्हायचा तो एप्रिलमध्ये हंगामाचा संघ जाहीर झाल्यावर, आणि ज्याला मार्चअखेरीस घरी पाठवले जाई त्याला तोही नाही. आरोन सेन या माजी खेळाडूच्या नावाने २०१४ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात मेजर लीगची बाजू अशी होती की शिबिरात खेळाडू शिकायला येतात, त्या काळात ते कर्मचारी नसतात, त्यामुळे किमान वेतनाचा प्रश्नच येत नाही. हा खटला उभा करणारे वकील गॅरेट ब्रोशुइस हे स्वतः मायनर लीगमध्ये पिचर होते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ती रांग त्यांच्या पायांना ठाऊक होती. मार्च २०२२ मध्ये न्यायाधीश जोसेफ स्पेरो यांनी हे खेळाडू वर्षभराचे कर्मचारी आहेत असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. पुढे खेळाडूंची संघटना झाली, आणि २०२३ च्या करारात अमेरिकेतल्या सर्वांत खालच्या पातळीवरचे किमान वार्षिक वेतन ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर, तर मायनर लीगमधल्या सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीचे १७,५०० वरून ३५,८०० वर गेले. शिबिराचेही पैसे मिळू लागले.

शिकणे आणि काम करणे यांत भिंत घालणारा तो युक्तिवाद मला कधीच पटला नव्हता. त्या मैदानाच्या कडेला उभे राहिल्यावर तर तो अन्यायकारकच वाटतो. कधी यायचे, काय खायचे, किती चेंडू टाकायचे, कोणत्या मैदानावर उभे राहायचे, हे सारे संघ ठरवतो आणि या तयारीतूनच उद्याचा मेजर लीगचा खेळाडू मिळवतो. रणजीच्या शिबिरातल्या मुलांकडे आपण ज्या आपुलकीने पाहतो त्याच आपुलकीने मी या मुलांकडे पाहिले. त्यामागे आणखी एक कारण होते. भालाफेक करणारे उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी २००८ मध्ये करार करणारा संघ पायरेट्सच. २००९ च्या उन्हाळ्यात ते दोघे व्यावसायिक बेसबॉलमध्ये पहिल्यांदा खेळले ते याच संघाच्या अमेरिकेतल्या सर्वांत खालच्या चमूकडून. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही, आणि अशा शिबिरातून जाणाऱ्या बहुतेकांचे तेच होते. म्हणूनच मार्चचा पगार हा उपकार नव्हे. अनेकांच्या वाट्याला या खेळातून येणारी कमाई एवढीच असते.

तरीही हिशेब पूर्ण झालेला नाही. त्याच करारात प्रत्येक संघाला अमेरिकेत ठेवता येणाऱ्या मायनर खेळाडूंची मर्यादा २०२४ पासून १८० वरून १६५ वर आणली गेली, म्हणजे काहींचा पगार वाढला आणि काहींची जागाच गेली. शिवाय डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादम्यांत राहून तिथल्या उन्हाळी लीगमध्ये खेळणारी किशोरवयीन मुले या संघटनेत अजूनही नाहीत. पायरेट सिटीत मी ज्यांना स्पॅनिशमध्ये एकमेकांना हाका मारताना ऐकले, त्यांतले कित्येक तिथूनच आलेले असणार. २०२३ चा करार पाच वर्षांचा आहे. पुढच्या वाटाघाटींत या मुलांना संघटनेत घ्यावे, अशी मागणी आपण चाहत्यांनीही आपापल्या संघाकडे लेखी करावी. माझे पत्र मी पायरेट्सना पाठवले आहे.