तुमचाही एफ/1.8, माझाही एफ/1.8, मग फोटो वेगळे का?

भाऊ, कपाशीच्या बोंडांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, 'अ‍ॅपर्चर उघडं ठेवलं की मागचं धूसर होतं, हे खोटं आहे. माझ्या मोबाइलचं अ‍ॅपर्चर एफ/1.8 आहे, तरी बोंडही साफ आणि धुऱ्यावरची बाभूळही साफ.' तुमचा फोटो खराच आहे. चूक माझ्या लेखात आहे, पण तुम्ही म्हणता ती नाही.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र. एफ/1.8 ही त्या छिद्राची रुंदी नाही. तो भागाकार आहे: लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सपासून दूरच्या वस्तूचं चित्र साफ उमटतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले छिद्राचा व्यास. माझ्या 50 मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र एफ/1.8 ला जवळपास 28 मिलिमीटर उघडतं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ साधारण 5 ते 7 मिलिमीटर, म्हणजे छिद्र 3-4 मिलिमीटरचं. माझं छिद्र तेवढं बारीक करायला एफ/16 च्या आसपास जावं लागतं!

बाभळीच्या प्रत्येक बिंदूचा उजेड छिद्रभर पसरून आत येतो आणि नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. फोकस बोंडावर असला की बाभळीचा उजेड सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या, अलीकडेच एकत्र येतो आणि पुढे पुन्हा पसरतो, म्हणून सेन्सरवर बिंदूऐवजी टिकली पडते. छिद्र जितकं रुंद, तितकी टिकली मोठी. आमचे आबाजी चष्मा सापडला नाही की डोळे बारीक करून बियाण्याच्या पाकिटावरचं वाचतात, ते याच कारणानं जमतं.

अंतराबद्दल मात्र मी एक ओळही लिहिली नव्हती. माझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, म्हणजे मोबाइलपेक्षा बऱ्याच मोठ्या सेन्सरचा. अर्ध्या मीटरवरून एफ/1.8 ला पुढून मागे जेमतेम 7 मिलिमीटर एवढाच भाग साफ येतो. फुटलेल्या बोंडाचा पुढचा कापूस धरला की मागचा सुटतो. एफ/8 ला 3 सेंटीमीटर मिळतात, बोंड जवळपास पूर्ण येतं. अंतर 2 मीटर केलं तर एफ/1.8 लाच सुमारे 11 सेंटीमीटर. 'छिद्र उघडा' एवढंच सांगणं अर्धवट होतं. लेख आजच दुरुस्त करतो.

पोर्ट्रेट मोडमधली धूसरता सॉफ्टवेअरची असते. त्यात कापसाचे सुटे तंतू कडेला खाल्ले जातात, म्हणून बोंडासाठी तो मला पटत नाही.

त्यापेक्षा मोबाइल बोंडापासून 10-12 सेंटीमीटरवर न्या आणि बोंडावर बोट टेकवून फोकस करा. मोबाइल तोच, छिद्र तेच, पण बाभूळ धूसर होईल. सकाळी करा, वारा पडलेला असताना, वेचणीच्या बाया वावरात यायच्या आधी.