तोंडाळ आणि मुके: गार्नेटच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

(तुम्ही निवृत्त क्रीडाशिक्षक आहात असं लिहिलंत, म्हणून 'सर'. मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

केव्हिन गार्नेट या एनबीएतल्या (अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या) खेळाडूवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा सारांश इतर वाचकांसाठी देतो. मी ट्रॅश टॉकला, म्हणजे खेळता खेळता प्रतिस्पर्ध्याला तोंडाने डिवचण्याला, 'खेळाचं मीठ' म्हटलं, तुमच्या मते ती निव्वळ शिवीगाळ आहे. हे एनबीएवाले म्हणजे कोट्यधीश झालेली, पण मोठी न झालेली पोरं. टिम डंकनसारखा तोंड मिटून खेळणारा तोच परिपक्व. आपल्या सचिनने कधी कुणाला उलट शब्द केला नाही. आता तर 'मुलीसुद्धा' हे शिकल्यात. आणि शेवटी, माझ्यासारखे लोक या माजाला टाळ्या वाजवतात, म्हणून शाळेतली पोरं बिघडतात.

आधी जिथे तुमचं बरोबर आहे तिथे कान पकडतो. त्या लेखात मी डेट्रॉइटच्या चार्ली व्हिलानुएवाचा प्रसंग गाळला होता. विसरलो नव्हतो, गाळलाच होता, कारण तो आला असता तर माझा नायक डागाळला असता. व्हिलानुएवाला अ‍ॅलोपेशिया आहे, अंगावर एक केस नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये डेट्रॉइटच्या सामन्यानंतर त्याने जाहीर सांगितलं की गार्नेट आपल्याला 'कॅन्सरचा पेशंट' म्हणाला. गार्नेटने निवेदन काढलं की आपण तसं नव्हे, 'तू तुझ्या संघाला आणि लीगला लागलेला कॅन्सर आहेस' असं म्हणालो होतो. समजा, गार्नेटचंच खरं. तरी ज्याच्या भुवयासुद्धा आजाराने गेल्यात त्याच्यासमोर तो शब्द काढायचा नसतो, एवढी अक्कल चौतिशीतल्या माणसाला हवी. ही खोडी नव्हे आणि खेळही नव्हे. मूळ लेखात हा परिच्छेद मी आता घातला आहे.

पण यावरून 'सगळी ट्रॅश टॉक म्हणजे शिवीगाळ' या ठिकाणी मी येणार नाही. टोमणा आणि शिवी यांत फरक आहे, आणि तो आपल्या भाषेला तरी समजावून सांगायला लागू नये. १ जून १९९७, शिकागो, अंतिम मालिकेचा पहिला सामना. ८२-८२ अशी बरोबरी, ९.२ सेकंद शिल्लक, आणि युटाचा कार्ल मलोन दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, कुणी न अडवता मारायचे चेंडू) मारायला उभा. त्याच मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. टोपणनाव 'मेलमन', म्हणजे पोस्टमन, कारण टपालासारखा नेमाने गुण पोचवतो. शिकागोचा स्कॉटी पिपन जवळ गेला आणि पुटपुटला, पोस्टमन रविवारी टपाल वाटत नाही. वार खरंच रविवार होता. मलोनचे दोन्ही चेंडू रिंगला लागून बाहेर आले, आणि शेवटच्या क्षणी जॉर्डनने बास्केट करून शिकागोला ८४-८२ जिंकून दिलं. या वाक्यात आई नाही, बहीण नाही, आजार नाही. आहे ते एक टोपणनाव आणि कॅलेंडर. याला तुम्ही शिवीगाळ म्हणालात तर कलगी-तुऱ्याच्या फडातले अर्धे शाहीर तडीपार करावे लागतील.

हे सगळं बास्केटबॉलमध्येच इतकं का, याला कारण आहे. हा खेळ अमेरिकेच्या शहरांत, हार्लेमच्या रकर पार्कसारख्या सिमेंटच्या कोर्टांवर वाढला. तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत 'डझन्स' नावाचा जुना शाब्दिक खेळ आहे. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांची उणीदुणी काढायची, भोवती घोळका, आणि जो चिडला तो हरला. आपल्या सवाल-जवाबाचाच लांबचा भाऊ. त्यात कोर्टाची रचना बघा. क्रिकेटमध्ये स्लिपमधून काहीतरी बोलायला मधे यष्ट्या, ग्लोव्हज, अंतर असतं. इथे ज्याला अडवायचं तो तुमच्या श्वासाच्या अंतरावर, पाऊण हात लांब, आणि एका मोसमात असे ८२ सामने. न बोलता राहणं हेच अवघड.

मीही या औषधाची चव घेतली आहे. कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी फ्री थ्रोला उभा होतो आणि शेजारी रांगेत उभा असलेला पलीकडच्या संघाचा एक बुटका अत्यंत काळजीच्या सुरात म्हणाला, "दादा, जरा लवकर. शेवटची एसटी चुकेल." दोन्ही चुकले. मी मलोन नव्हतो, पण हातांना ते कळलं नाही. सामना संपल्यावर त्याच पोराने मला अर्धा वडापाव दिला. त्याच स्पर्धेत आमचा कर्णधार एक शब्द बोलायचा नाही. फार सभ्य म्हणून त्याचं कौतुक व्हायचं. मी एकदा त्याला पास दिला नाही, तर तीन वर्षं त्याने मला पास दिला नाही.

इथेच माझं तुमच्याशी खरं भांडण आहे, सर. तुम्ही तोंड मोजता आणि त्यावरून अहंकार काढता. ही दोन खाती वेगळी आहेत.

मायकेल जॉर्डन घ्या. तो बोलायचा, भरपूर बोलायचा, पण त्याचा अहंकार बोलण्यात नव्हताच. तो डूख धरण्यात होता. मार्च १९९३ मध्ये वॉशिंग्टनच्या लाब्रॅडफर्ड स्मिथ या नवख्या पोराने शिकागोत येऊन ३७ गुण केले. जॉर्डनने सहकाऱ्यांना सांगितलं की हा पोरगा जाताना 'छान खेळलास, माइक' असं म्हणून गेला. दुसऱ्याच रात्री त्याच संघाविरुद्ध जॉर्डनने पूर्वार्धातच ३६ गुण ठोकले, एकूण ४७. गंमत अशी की स्मिथ तसं काही बोललाच नव्हता. ते वाक्य जॉर्डनने स्वतःच रचलं होतं. म्हणजे डिवचायला कुणी सापडेना, तेव्हा याने स्वतःला डिवचलं. इथे ट्रॅश टॉक करणारं कोण? बिचारा स्मिथ तर गप्पच होता!

आणि हा डूख उतरला नाही. सप्टेंबर २००९ मध्ये स्प्रिंगफील्डला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याचा प्रवेश झाला. वय ४६, सहा विजेतेपदं खिशात, सिद्ध करायला जगात काही उरलेलं नाही. अशा वेळी माणूस आईचं, गुरूचं, सहकाऱ्यांचं नाव घेतो. यानेही घेतलं, पण त्याबरोबर हिशेबाची वही उघडली. शाळेच्या संघात आपल्याऐवजी ज्याची निवड झाली होती तो लिरॉय स्मिथ, त्यालाही बोलावून समोर बसवलं होतं, आणि निवडणाऱ्या प्रशिक्षकाला ऐकवायचं होतं की चुकलास. मग युटाचा ब्रायन रसेल. १९९४ मध्ये, जॉर्डन बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळत असताना, रसेल त्याला म्हणाला होता की का सोडलंस, मी तुला अडवलं असतं. चार वर्षांनी, १४ जून १९९८ ला, ज्या बास्केटने शिकागो ८७-८६ जिंकून सहाव्यांदा विजेते झाले, ती याच रसेलला चकवून मारलेली होती. हिशेब तिथेच चुकता झाला होता. तरी अकरा वर्षांनी, सूट घालून, व्यासपीठावरून पुन्हा वसुली. मी ते भाषण पाहिलं तेव्हा जॉर्डनचं पोस्टर माझ्या खोलीत होतं. ते काढलं नाही, पण त्या रात्री त्याच्याकडे बघायला जरा ओशाळल्यासारखं झालं.

याच्या उलट बोस्टनचा लॅरी बर्ड. तोंडाने जॉर्डनपेक्षा तिखट. १९८६ ते ८८ अशी सलग तीन वर्षं त्याने ऑल-स्टारची थ्री-पॉइंट (लांबून तीन गुणांचे चेंडू मारायची) स्पर्धा जिंकली. ड्रेसिंग रूममध्ये शिरून इतर स्पर्धकांना 'दुसऱ्या नंबरावर कोण येणार आहे तुमच्यातला?' असं विचारल्याचा किस्सा सगळे सांगतात. १९८८ मध्ये तर सरावाचं जॅकेटही काढलं नाही आणि शेवटचा चेंडू हवेत असतानाच बोट वर करून चालायला लागला. माज? शंभर टक्के. पण स्पर्धा संपली की विषय संपला. त्याच्या बढाईला मुदत होती.

डंकनबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्या शांतपणाला परिपक्वतेचं प्रमाणपत्र देताना एप्रिल २००७ मधला डॅलसचा सामना आठवा. डंकन बाकावर बसून हसत होता. फक्त हसत होता. पंच जोई क्रॉफर्डने त्याला त्या हसण्याबद्दल टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाउल देऊन बाहेर काढलं. पुढे डंकनला दंड झालाच, पण क्रॉफर्डला उरलेला मोसम घरी बसवलं. म्हणजे एक अक्षर न बोलता माणूस पंचाचा तोल घालवू शकतो. आणि त्या रात्री अहंकार कुणाचा दुखावला? खेळाडूंच्या नावाने शंख करताना शिट्टीवाल्यांचाही कधी हिशेब घ्यावा. (तुमच्याबद्दल नाही, सर.)

सचिनबद्दल मी वाद घालणार नाही, मला याच गावात राहायचंय. फक्त एक आठवण. ४ मार्च १९९२, सिडनी. किरण मोरे यष्टींमागून अपिलांचा धडाका लावत होता, जावेद मियाँदादशी त्याची जुंपली आणि मियाँदादने ते बेडूकउड्यांचं प्रात्यक्षिक केलं. त्या वेळी चेंडू टाकत होता सचिन. सभ्य माणसांचे संघही बोलणारा एक माणूस खाऊपिऊ घालून ठेवतात, एवढंच म्हणणं.

'मुलीसुद्धा' याबद्दल थोडक्यात. २ एप्रिल २०२३ ला डॅलसमध्ये कॉलेज संघांच्या अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने आयोवाला १०२-८५ हरवलं आणि एंजल रीसने केटलिन क्लार्कसमोर तोंडापुढे हात हलवून 'मी तुला दिसतच नाही' अशी खूण केली. गहजब झाला. हीच खूण क्लार्कने आधीच्या एका सामन्यात केली होती, तेव्हा तिला जिद्दी म्हटलं गेलं. एक गोरी, एक काळी, एवढाच काय तो फरक. शहाणपणाने बोलली ती क्लार्कच. रीसला यासाठी बोल लावू नका, असं तिने जाहीर सांगितलं. वय २१.

आता 'मोठी न झालेली पोरं'. यात तुमचं बरंच बरोबर आहे. २०२३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, मेम्फिसचा डिलन ब्रूक्स लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सला म्हातारा म्हणाला, ४० गुण केल्याशिवाय आपण कुणाला मान देत नाही म्हणाला. मग लेकर्सनी मालिका जिंकली, सहावा सामना तर १२५-८५. त्याने मला वैताग आणला तो बोलण्याने नव्हे. हरायला लागल्यावर हा पत्रकारांसमोर यायचाच बंद झाला आणि लीगने त्याला २५ हजार डॉलर दंड केला. बोललास ना, मग ऐकायलाही ये की! पण त्याच वर्षी सप्टेंबरात मनिलाला विश्वचषकाच्या कांस्यपदकासाठी कॅनडा अमेरिकेशी खेळला, तेव्हा या तोंडाळ माणसाने ३९ गुण करून कॅनडाला जिंकून दिलं. एकाच वर्षातला एकच माणूस.

आणि रॉन आर्टेस्ट. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचं नाव नाही, पण तुम्ही ज्या पोरांबद्दल बोलताय त्यांचा तो शिरोमणी. १९ नोव्हेंबर २००४ ला डेट्रॉइटजवळ, सामना जवळजवळ संपलेला असताना, डेट्रॉइटच्या बेन वॉलेसशी धक्काबुक्की झाल्यावर हा स्कोअररच्या टेबलावर जाऊन आडवा झाला. शांत व्हायला. वरून कुणीतरी पेल्यासकट पेय फेकलं आणि हा प्रेक्षकांत घुसला, तेही भलत्याच माणसावर. उरलेला सगळा मोसम निलंबन, प्लेऑफ धरून ८६ सामने. आता जून २०१०. अंतिम मालिकेचा सातवा सामना, लेकर्स ८३, बोस्टन ७९. साधारण एक मिनिट उरलं असतानाचा निर्णायक थ्री याच आर्टेस्टचा. विजयानंतर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचे आभार मानले. ते २०१० साल होतं, तेव्हा आपल्याकडे असा डॉक्टर गाठायचा तर शेजाऱ्यांना 'दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो' सांगायचे. पुढे त्याने विजेतेपदाची अंगठी सोडतीला लावली आणि आलेला पैसा मानसिक आरोग्याच्या कामाला दिला. २०११ मध्ये नाव बदलून मेटा वर्ल्ड पीस केलं.

इथे थांबलो असतो तर छान गोष्ट झाली असती. पण एप्रिल २०१२ मध्ये याच 'विश्वशांती'ने प्रतिस्पर्धी जेम्स हार्डनच्या डोक्यात कोपर घातला आणि सात सामने बाहेर बसला. परिपक्वता ही काही पेन्शन नाही, सर, की एकदा मंजूर झाली आणि दर महिन्याला जमा होत राहिली. म्हणून माझी मोजपट्टी तोंड नाही. सामना संपल्याचा हूटर वाजल्यावर माणूस ते कोर्टावरच सोडून येतो का, आणि उलट ऐकायची वेळ आली की समोर उभा राहतो का, एवढंच मी बघतो. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला गार्नेटच्या बोलण्याने पेटलेला न्यूयॉर्कचा कार्मेलो अँथनी सामना संपल्यावर बोस्टनच्या बसपाशी त्याची वाट बघत उभा राहिला आणि एक सामना निलंबित झाला. बोलणारा एक होता, पण त्या रात्री मोजपट्टीवर नापास दोघेही.

तुम्ही लिहिलंत की तुमच्या शाळेच्या मैदानावर समोरच्याला खिजवणाऱ्या पोराला तुम्ही पाच फेऱ्या मारायला लावायचात. शिक्षा मान्य. पण एक विचारू का? फेऱ्या मारून आल्यावर, धापा टाकत, तुमच्यापर्यंत ऐकू येणार नाही अशा बेताने, ती पोरं समोरच्याला काय म्हणायची? तुम्हाला नक्की ऐकू येत असणार. एखादं आठवत असेल तर खाली लिहा.