भाचा टाटांचा, हे खरं. पुढचं सगळं तपासून घ्या

‘जमशेदजी टाटांचे भाचे शापूरजी सकलातवाला हे ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय. गांधीजींच्या या अनुयायाने तिथे स्वराज्य मागितलं, म्हणून इंग्रजांनी खासदारकी काढून त्यांना तुरुंगात डांबलं.’ हे ढकलपत्र तुमच्याकडेही आलं असेल.

भाचा, कबूल. आई जेरबाई जमशेदजींची बहीण. जन्म मुंबईचा, १८७४चा. मामांसाठी लोखंडाच्या खाणी शोधत ते रानोमाळ हिंडले आणि १९०५मध्ये इंग्लंडला गेले.

पण पहिले? दादाभाई नौरोजी १८९२मध्येच लिबरल पक्षातर्फे निवडून आले होते, १८९५मध्ये मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे. सकलातवाला तिसरे. तिघेही पारशी आणि तिघांचे पक्ष तीन, ही खरी गंमत ढकलपत्रात नाहीच! लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून १९२२मध्ये हे कम्युनिस्ट गृहस्थ मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर जिंकले. पुढच्याच वर्षी १८६ मतांनी पडले. १९२४मध्ये मजूर पक्षाचा शिक्का नसताना, उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि ५४२ मतांनी परत आले.

तुरुंगवास खरा, कारण वेगळं. १ मे १९२६ला हाइड पार्कच्या सभेत, इंग्लंडमधल्या कोळसा खाणकामगारांचा लढा पेटला असताना, जनतेवर शस्त्र उचलू नका असं त्यांनी सैनिकांना सांगितलं. चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला नकार दिला, म्हणून दोन महिने कैद. म्हणजे मुंबईचा माणूस आत गेला तो गोऱ्या कामगारांपायी. खासदारकी कुणी काढली नाही. १९२९मध्ये मतदारांनी पाडेपर्यंत ती शाबूत होती.

आणि गांधीजींचे अनुयायी? हे वाचून दोघांनाही हसू आलं असतं. १९२७च्या भारतभेटीत सकलातवालांनी ‘प्रिय कॉम्रेड गांधी’ म्हणून जाहीर पत्र धाडलं. चरख्याने कामगार संघटित होत नाही, लोकांना पाया पडू देऊ नका, ‘महात्मा’ म्हणवून घेणं सोडा, असा त्याचा सूर. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’त शांतपणे उत्तर दिलं आणि चरखा काही सोडला नाही.

बरं, हा कट्टर कम्युनिस्ट घरी कसा? त्याच वर्षी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी मुलांचा नवजोत (धर्मदीक्षेचा विधी) पारशी रीतीने केला. त्यावरून त्यांच्याच पक्षाने त्यांना जाहीर समज दिली.